वाचकांचे प्रश्न : बॅरनच्या धुरावर लक्ष कोण ठेवतं?

मागच्या अंकात अंदमान समुद्रातल्या बॅरन बेटावर जेमतेम दीड पान लिहिलं होतं. त्यावर एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. तीस वर्षं कॉलेजात भूशास्त्र शिकवलं. तेव्हा समोरच्या बाकांवरून इतके प्रश्न आले असते तर दोन्ही बाजूंचं भलं झालं असतं. ज्यांच्या हाती तो अंक लागला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात : बॅरन पोर्ट ब्लेअरपासून (आताचं श्री विजयपुरम) सुमारे १३८ किलोमीटरवर, ईशान्येकडे आहे. व्यास तीनेक किलोमीटर, वस्ती शून्य. भारताच्या हद्दीतला हा एकमेव जागृत ज्वालामुखी. आता पत्रांकडे वळते.

प्रश्न : सप्टेंबर २०२५ मध्ये बॅरनचा उद्रेक झाला, नौदलाने त्याचा व्हिडिओही दिला. दोन दिवस आधी तिथे भूकंप झाला होता म्हणे. मग उद्रेक होणार हे आधी कळायला नको होतं का? आपल्याकडे यंत्रं नाहीत का? — एक निवृत्त अभियंता, सांगली

आधी तारखा बघू. त्या महिन्यात उद्रेक दोनदा झाला, १३ तारखेला आणि २० तारखेला. ४.२ तीव्रतेचा तो धक्का १८ तारखेचा. अठराच्या धक्क्याने तेराचा उद्रेक कसा होईल? डोंगर आधीपासूनच जागा होता. भूकंपाने ज्वालामुखी जागा केला ही बातमी वाचायला झकास लागते, पण कॅलेंडर तिला साथ देत नाही.

आता ‘आधी कळणं’. बॅरन आतापर्यंत बहुतेक वेळा थोडं थोडं ओकत आला आहे. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या मंडळींचा अनुभव सांगते. २३ जानेवारी २०१७ ला अभय मुधोळकर यांच्या नेतृत्वाखालचं पथक ‘सिंधु संकल्प’ या जहाजावरून बॅरनजवळ समुद्रतळाचा गाळ काढत होतं. ज्वालामुखी बघायला कोणी गेलंच नव्हतं. त्यांच्या डोळ्यांसमोर बेटाने राख उडवायला सुरुवात केली. पाच-दहा मिनिटं उडायची, मग शांत, मग पुन्हा. दिवसभर नुसते राखेचे ढग दिसले. सूर्य बुडाल्यावर त्याच जागी लाल कारंजी आणि उतारावरून वाहणारा लाव्हा दिसू लागला. म्हणजे लाव्हा दिवसाही उडतच होता, उजेडात तो दिसत नव्हता एवढंच. ज्वालामुखीवर नजर ठेवणं म्हणजे नुसते डोळे उघडे ठेवणं नव्हे, हे मी विद्यार्थ्यांना सांगून सांगून थकले. या जहाजाने एका संध्याकाळी दाखवून दिलं.

यंत्रं असती तर काय कळलं असतं? शिलारस वर सरकू लागला की खडक तडकतात, नळीतून वायू आणि रस सरकताना जमीन एका संथ लयीत थरथरत राहते. तुमच्या सोसायटीतल्या पाण्याच्या पंपाला हात लावलात तर लागते तशी थरथर. भूकंपमापकावर ती तासन्‌तास उमटते. डोंगर फुगतो, तेही मोजता येतं. एक किलोमीटर लांबीची पहार जमिनीवर आडवी ठेवलीत आणि तिचं एकच टोक एका मिलिमीटरने उचललंत, तर जेवढा कल येईल तेवढा ही यंत्रं सहज पकडतात. तिसरी खूण वायूंची. कार्बन डायऑक्साइड खोलवरच शिलारसातून सुटतो, गंधकाचा वायू पृष्ठभागाच्या जवळ आल्यावर. त्यामुळे दोघांचं प्रमाण बदललं की खालून नवा माल येतोय असं समजायचं.

हे सगळं एकत्र बघायचं तर इटलीतलं स्ट्रॉम्बोली बेट. तिथला ज्वालामुखी दर दहा-वीस मिनिटांनी एक फटका उडवतो आणि पायथ्याशी गावं आहेत. ३ जुलै २०१९ ला नेहमीच्या फटक्यांपेक्षा कितीतरी मोठा स्फोट झाला, डोंगरावर फिरायला गेलेला एक माणूस गेला. २८ ऑगस्टला पुन्हा तसाच स्फोट. नोंदी तपासल्यावर दिसलं, की असा मोठा स्फोट व्हायच्या सुमारे दहा मिनिटं आधी डोंगर ठळकपणे फुगू लागतो. आता त्या फुगण्याला गावातले भोंगे जोडलेले आहेत. जगातल्या सर्वांत बारकाईने ऐकल्या जाणाऱ्या डोंगरांपैकी हा एक, आणि त्याने दिलेली मुदत किती? चहा उकळून गाळायला लागते तेवढी. तुम्ही अभियंता आहात, म्हणून स्पष्ट लिहिते : ज्वालामुखीची यंत्रं डोंगराची सवय शिकतात आणि ती मोडली की ओरडतात. पुढच्या महिन्याची तारीख ती देत नाहीत.

मग बॅरनवर स्ट्रॉम्बोलीसारखं माणसांनी चोवीस तास चालवलेलं केंद्र का नाही? तिथे यंत्र बसवणं एक वेळ सोपं, ते जगवणं महाकठीण. बेटाचा जुना कडा चहूबाजूंनी उभा आहे, फक्त पश्चिमेला फुटलेला. बोट लावायला त्यातल्या त्यात सोयीची बाजू तीच, आणि लाव्हा समुद्राकडे उतरतो तोही त्याच फटीतून. शिवाय खारा वारा, गंधकाची वाफ, सौरपट्ट्यावर साचणारी राख. बॅटरी बदलायला माणूस जाणार कसा आणि किती वेळा? न्यूझीलंडचं व्हाइट आयलंड, माओरी नाव व्हाकारी, किनाऱ्यापासून पन्नासेक किलोमीटरवर आहे. २०१९ च्या दुर्घटनेनंतर (तिच्याबद्दल पुढच्या उत्तरात) तिथे उतरणं बंद झालं, तशी बेटावरची यंत्रं डागडुजीअभावी एकामागून एक मुकी झाली. २०२२ मध्ये तिथल्या शास्त्रज्ञांनीच सांगितलं, की बेटावरून भरवशाची ताजी नोंद येत नाही, म्हणून विमानफेऱ्या, उपग्रह आणि किनाऱ्यावरचे कॅमेरे यांवर भागवतोय. पैसा आणि माणसं असलेल्या देशाची ही गत.

बॅरनचंही बरंचसं असंच, दुरून चालतं. उपग्रहांना बेटावरचा उष्ण ठिपका दिसतो. राखेचा ढग वर चढला तर ऑस्ट्रेलियातल्या डार्विन शहरातलं केंद्र विमानांना इशारा देतं. तटरक्षक दल आणि नौदलाची जहाजं जाता-येता बघतात. उपग्रहाची एक अडचण आहे. पावसाळ्यात अंदमानवर ढगांचा थर असतो आणि त्याच्याखालची उष्णता वरून दिसत नाही. जून ते सप्टेंबर बॅरनची नोंद विरळ दिसली, तर तो डोंगर तेव्हा झोपला होता असं समजू नका. आपल्या डोळ्यांवर पदर होता.

प्रश्न : डिसेंबरात आम्ही चौघं अंदमानला जातोय. एजंट म्हणतो, बॅरनला नेतो, जमलं तर उतरवतो. जावं का? — एक वाचक, ठाणे

जा. उतरू नका. खरं तर उतरण्याचा प्रश्नच नाही; पर्यटकांना बेटावर पाय ठेवायची मुभा नसते, बोटीतूनच बघायचं असतं. ‘जमलं तर उतरवतो’ हे मलाही सांगितलं होतं, पंधरा-सोळा वर्षांपूर्वी, आणि त्या भरवशावर मी घसरायचे नाहीत असे नवे बूट घेऊन गेले होते. बूट पिशवीतच राहिले.

रात्री निघालेली बोट उजाडताना बॅरनपाशी पोचली. आधी वास आला, नुकत्याच ओढलेल्या काडेपेटीच्या काडीचा. मग काळा शंकू दिसला, त्याच्या डोक्यावर भुरकट तुरा. एका कुशीवर हिरवी झाडी आणि समोर समुद्रापर्यंत उतरलेला लाव्ह्याचा काळाकुट्ट पंखा, जणू कुणी डांबराचं पिंप लवंडलंय. आम्ही डेकवर इडली खात होतो. दोन घास झाले आणि दातांखाली कचकच आली. वर बघितलं तर राख पडत होती. बाकीचे आत पळाले. मी पर्समधली रक्तदाबाच्या गोळ्यांची बाटली रिकामी केली, गोळ्या रुमालात बांधल्या आणि कठड्यावरची राख पोस्टकार्डाने खरवडून बाटलीत भरली. सोबतच्या एका बाईंनी माझ्या यजमानांना हळूच विचारलं, ‘यांना बरं आहे ना?’

घरी आल्यावर ती सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. राख म्हणतो आपण, पण चुलीतल्या राखेशी तिचं काही नातं नाही. काचेचे कपचे. काही काळे, काही मधासारखे तपकिरी, कडेला फुटलेल्या बुडबुड्यांच्या अर्ध्या वाट्या. कुणाच्या चष्म्यावर अशी राख पडली तर ओढणीने पुसू नका, काचेवर कायमचे चरे येतात. पाण्याखाली धरा. डोळ्यांत गेली तर चोळू नका, तिथेही पाणीच. दम्याचं माणूस बरोबर असेल तर त्याला वाऱ्याच्या उलट बाजूच्या केबिनमध्ये बसवा आणि बेट त्याच्या वाटेने खिडकीतून बघू द्या.

आता उतरू नका असं इतकं ठासून का म्हणते, ते. ९ डिसेंबर २०१९, दुपारचे दोन वाजून अकरा मिनिटं, व्हाकारी. बेटावर ४७ माणसं होती, बहुतेक पर्यटक आणि त्यांचे वाटाडे. विवराजवळ स्फोट झाला आणि २२ जण गेले; वाचलेल्यांतल्या कित्येकांना भयानक भाजलं. तिथे यंत्रं होती, कॅमेरे होते. आदल्या महिन्याच्या १८ तारखेला शास्त्रज्ञांनी धोक्याची पातळी १ वरून २ वर नेली होती. सहली मात्र चालू होत्या.

मला त्या ‘२’ बद्दल बोलायचंय. पाचपैकी दोन म्हटलं की आपल्याला परीक्षेचे गुण आठवतात, चाळीस टक्के, म्हणजे फारसं काही नाही. पण न्यूझीलंडच्या त्या पट्टीवर ३, ४ आणि ५ या पायऱ्या उद्रेक सुरू झाल्यावरच्या आहेत. उद्रेक न होता गाठता येणारी सर्वांत वरची पायरी म्हणजे २. यंत्रांनी त्यांचं काम केलं, शास्त्रज्ञांनी आकडा जाहीर केला, आणि आकडा ऐकणाऱ्याला त्याचा अर्थ पोचला नाही. तशात तो स्फोट वाफेचा. जमिनीत मुरलेलं पाणी तापतं, वरची वाट बुजते, शिट्टी अडकलेल्या कुकरसारखा दाब चढतो. यात ताजा शिलारस वर यावाच लागत नाही, त्यामुळे तो वर येतानाच्या खुणाही मिळत नाहीत. अशा स्फोटापुढे तुमच्या हातात एकच गोष्ट असते, ती म्हणजे तुम्ही किती लांब उभे आहात. बॅरनच्या बाबतीत हे अंतर आपल्याला वनखातं आणि समुद्र मिळून फुकट राखून देतात. एजंटाच्या सांगण्यावरून ते खर्चू नका.

प्रश्न : माझा मुलगा बोटीवर आहे, सिंगापूरच्या फेऱ्या असतात. अंदमानच्या ज्वालामुखीची बातमी आली की झोप लागत नाही. जहाजाला धोका असतो का? — एक आई, दाभोळ

तुमचा मुलगा बहुधा ग्रेट निकोबारच्या दक्षिणेकडून मलाक्काच्या सामुद्रधुनीत शिरत असेल. मोठी जहाजं त्याच वाटेने जातात. बॅरन तिथून सहाशे किलोमीटरच्या आसपास उत्तरेला आहे. बॅरनपासून त्याला काही नाही. झोपा शांत.

मात्र ज्वालामुखीची राख जहाजापेक्षा विमानाची वैरीण आहे. २४ जून १९८२ ची गोष्ट. ब्रिटिश एअरवेजचं एक ७४७ लंडनहून निघून, मुंबईला थांबा घेऊन, क्वालालंपूरहून पर्थकडे चाललं होतं. जावा बेटाजवळ गलुंगुंग ज्वालामुखीच्या राखेत ते शिरलं. रात्रीची वेळ, आणि विमानाच्या रडारला ढगातलं पाणी दिसतं, कोरडी राख दिसत नाही. ती काच इंजिनाच्या उष्णतेत वितळून आतल्या पात्यांवर थापली गेली आणि चारही इंजिनं बंद पडली. विमान नुसतं तरंगत खाली येत राहिलं. राखेबाहेर आल्यावर थंड झालेली काच तडकून गळाली, इंजिनं पुन्हा धडधडली आणि विमान जकार्ताला उतरलं. समोरची काच राखेने घासून आंधळी झाली होती. राखेच्या ढगांवर नजर ठेवणारी नऊ केंद्रं आज जगभर आहेत. मघाशी सांगितलेलं डार्विनचं त्यातलंच. चेन्नई-बँकॉक विमानाच्या वैमानिकाला बॅरनची खबर मिळते ती त्याच वाटेने.

समुद्रावरची भीती निराळी. २२ डिसेंबर २०१८ ला रात्री इंडोनेशियातल्या अनाक क्राकाताउचा नैऋत्येकडचा भाग समुद्रात कोसळला. डोंगर ३३८ मीटरचा होता, उरला ११० मीटर. त्याने उठलेल्या लाटेने जावा-सुमात्राच्या किनाऱ्यावर चारशेहून जास्त माणसं गेली. त्सुनामीचा इशारा देणारी व्यवस्था होती, पण ती मोठ्या भूकंपाची वाट बघत बसणारी. मोठा भूकंप झालाच नाही, त्यामुळे भोंगा वाजला नाही. बेटावरच्या ज्वालामुखीत तोंडातून काय निघतं यापेक्षा कूस किती पक्की आहे हे बघावं लागतं, ते यासाठी. स्ट्रॉम्बोलीचीही कूस ३० डिसेंबर २००२ ला अशीच घसरली होती. तिथे आता समुद्रात लाट मोजणारी यंत्रं उभी आहेत. अंदमानला मोठी त्सुनामी आली ती बॅरनमुळे नव्हे, समुद्रतळाच्या भूकंपाने, २६ डिसेंबर २००४ ला. त्यानंतर हैदराबादला इशारा केंद्र सुरू झालं, ते भूकंप आणि भरतीमापकं दोन्ही बघतं. मुलगा जहाजावर खोल समुद्रात असेल तर त्सुनामी त्याला जाणवायचीही नाही. काळजी करायचीच तर तो बंदरात असतानाची करा. ती आईला नेहमीच असते.

प्रश्न : बॅरनची उंची फक्त ३५४ मीटर? आमच्या सिंहगडाची चढण याहून मोठी आहे! — एक ट्रेकर, पुणे

हो, सिंहगडाच्या पायथ्यापासून निम्मी वाट चढलात की बॅरन संपला. पण तुम्ही फक्त पाण्यावरचं टोक मोजताय. समुद्रतळ तिथे दोन हजार मीटरहून खोल आहे आणि डोंगर तिथून उठलाय.

प्रश्न : १९९१ पर्यंत हा ज्वालामुखी मृत होता, असं आमच्या शाळेच्या पुस्तकात होतं. मग तो जिवंत कसा झाला? — एक शिक्षक, नांदेड

पुस्तकाला हसू नका, मीही तेच शिकवत होते. ‘मृत’ नाही, ‘निद्रिस्त’ म्हणायचे, एवढीच माझी अक्कल. १७८७ पासून उद्रेकाच्या नोंदी आहेत. ज्यांच्या नावाने पोर्ट ब्लेअर ओळखलं जाई त्या आर्चिबाल्ड ब्लेअर यांनीही १७८९ मध्ये त्याचा धूर पाहिला. १८३२ नंतर शांतता. दीडशेहून अधिक वर्षं. माणसाच्या पाच-सहा पिढ्या म्हणजे आपल्याला कायमचं वाटतं. डोंगराला ती दुपारची वामकुक्षी. १९९१ मध्ये तो उठला आणि सहाएक महिने धुमसला. त्याच सुमारास वर्गातल्या एका मुलाने वर्तमानपत्राचं कात्रण माझ्या टेबलावर ठेवलं आणि काही न बोलता जागेवर जाऊन बसला. तोंडी परीक्षेत मी त्याला काय विचारणार?

प्रश्न : बेटावर बकऱ्या आहेत असं वाचलं. प्राण्यांना उद्रेक आधीच कळतो ना? — एक वाचक, अकोला

बकऱ्या आहेत, माणसांनीच कधी काळी सोडलेल्यांचे वंशज. कळत असेलही, पण कळून त्या जाणार कुठे? कड्याच्या बाहेरच्या बाजूला झाडी आहे, तिथे लाव्हा पोचत नाही. त्या तिथे चरतात म्हणून टिकल्या, असा माझा अंदाज.

प्रश्न : आपला सह्याद्रीही लाव्ह्याचाच ना? तो पुन्हा उसळेल का? — एक गृहिणी, सातारा

नाही. तो लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. तेव्हा भारताच्या तळाशी जी उष्णता होती ती मागेच राहिली, आपण उत्तरेकडे सरकलो. कोयनेचे धक्के वेगळे, त्यांचा ज्वालामुखीशी संबंध नाही.

प्रश्न : मी सहावीत आहे. मला ज्वालामुखीची राख बघायची आहे. थोडी पाठवाल का? — एक मुलगी, वाई

माझ्याकडे गोळ्यांची एक बाटली आहे, तीही आता अर्धी, कारण दरवर्षी वर्गात फिरवताना कुणीतरी सांडलीच. तेवढी ठेवू दे. पण बाटलीपाशी लोहचुंबक नेला की त्यातले काळे कण उभे राहतात, ती गंमत तुला वाईतच करता येईल. उन्हाळ्यात पाणी उतरलं की आईबाबांबरोबर कृष्णेच्या पात्रात जा, मूठभर कोरडी वाळू घे आणि वर्तमानपत्रावर पसर. लोहचुंबक आधी प्लास्टिकच्या पिशवीत घाल आणि मग वाळूवरून फिरव. काळ्या बारीक दाढीसारखे कण चिकटतील. ते सह्याद्रीच्या लाव्ह्यातले लोखंडी कण, नदीने डोंगरातून काढून आणलेले. पिशवी विसरू नकोस. मी विसरले होते, आणि माझा चांगला लोहचुंबक अजून दाढी वाढवून बसलाय.